फुंकर मारून बघू

कबुतराला धुऊन टॉवेलात दाबलं, तेव्हा ते ओल्या मोज्यासारखं दिसत होतं. आतलं सगळं मामाने आधीच काढलं होतं. माझ्या हातात उरलं होतं पिसांसकट नुसतं कातडं. मामा संग्रहालयासाठी मेलेले पक्षी भरून अगदी जिवंत वाटतील असे उभे करतो. त्याने मला शब्द दिला होता, "पिसं नीट वाळव. मग मी छातीवर फुंकर मारीन. मुळापर्यंत मोकळी झालेली दिसली, तर फ्रीजरमधलं घुबड भरायला तुला."

घुबड! मला! मामा त्याला कुणाला हातसुद्धा लावू देत नाही!

म्हणून शाळेतून आल्यापासून मी ताईचा ड्रायर घेऊन बसले होते. एका हाताने गार हवा, दुसऱ्या हाताने ब्रशने पिसं उलटी करायची. वाळता वाळेनात. छाती जरा फुलली की मान चिकटलेली. मानेकडे वळावं तर शेपटीतून पाणी. हात भरून आले आणि डोकं तर केव्हाच तापलं होतं.

"झालं का गं तुझं पाखरू?" ताई दारात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. "ड्रायरला कबुतराचा वास आला ना, तर मामाला सांगून तुलाच भरून ठेवीन."

"साबणाने धुतलंय त्याला. तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे!"

"मग गरम हवा सोड की. माझे केस कसे पटकन वाळतात."

"तुझं कातडं डोक्याला घट्ट बसलंय. हे सुटं आहे, आकसेल."

"बस मग गारठत," म्हणून ती गेली.

तरी पंधरा मिनिटांनी माझं बोट त्या बटणावर गेलंच. थोडीशीच गरम! आणि काय सांगू, छाती अशी फुलली की मी जोरात ओरडले, "मामा, ये! घुबड काढ बाहेर!"

मामा मातीचे हात पुसत आला. वाकला. फुंकर मारली.

वरची पिसं बाजूला झाली आणि आतली बारीक, मऊ पिसं दिसली. सगळ्यांच्या ओल्या वाती झालेल्या. मानेजवळचं कातडंही आत वळलं होतं.

"गरम सोडलीस," मामा म्हणाला. विचारलंसुद्धा नाही त्याने.

"थोडीशी."

"वरून झकास. पण आतली अशीच वाळली, तर कायमची अशीच राहतील. घुबडात तर अशीच मऊ पिसं जास्त. तिथे काय करशील?"

"म्हणजे घुबड गेलं?"

"ते कुठे पळतंय? पाण्यात टाक हे."

अख्खी संध्याकाळ! मी रागारागाने बादली भरली. कबुतर बुडवलं आणि परत ओला मोजा झालं. मग ड्रायरच्या गरम बटणावर चिकटपट्टी लावली. एक नाही, तीन पट्ट्या.

"अगं, माझे केस!" ताई ओरडली.

"टॉवेल आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं आणि पोटाकडची पिसं उलटी करून अगदी मुळापासून सुरुवात केली.