मधल्या कॅमेऱ्याविना

नाटकाच्या चित्रीकरणाला तीन कॅमेरे लावले होते. मधला, मुख्य नटावर रोखलेला, वहिनीच्या धाकट्या दिराकडे होता. सुरुवातीला घाईत त्याने बटण दोनदा दाबलं, आणि तिथून सगळं उलटंपालटं झालं. पडदा वर असताना कॅमेरा झोपलेला, मध्यंतरात टक्क जागा. संकलन वहिनीकडे होतं. तिने संगणकावर ती फाइल उघडली, तर नाटकाऐवजी दिराची चप्पल दिसली, आणि बराच वेळ दिसत राहिली.

दिराचं तोंड एवढंसं झालं. प्रयोग पुन्हा करायला सांगू या का, असं त्याने चाचरत विचारलं.

"माणसाचं दोन डोळ्यांवर भागतं," वहिनी म्हणाली, "आपलंही भागेल."

उगाच धीर द्यायला ती बोलली नव्हती. तिने दोन्ही बाजूंचे कॅमेरे आणि वेगळा घेतलेला आवाज एकाखाली एक लावले. आवाजाच्या लहरी सॉफ्टवेअरने चुटकीसरशी जुळवल्या. मग दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी चालू ठेवून ती बोटानेच कॅमेरा निवडत गेली. पहिला अंक लोण्यासारखा कापला गेला.

घोडं अडलं शेवटच्या भाषणाशी. तिथे नट रंगमंचाच्या टोकाशी येऊन प्रेक्षकांशी बोलतो. उजव्या कॅमेऱ्यात त्याचा नुसता कान येत होता. डाव्यात होती मागे खुर्चीवर बसलेली, त्याच्या मुलीचं काम करणारी नटी. ती ऐकत होती. आधी ताठ बसून, मग हनुवटी थरथरू लागली. आता कानाकडे जावं म्हणून वहिनीने बोट उचललं, पण कळ काही दाबली नाही. भाषण संपलं तरी चित्रात मुलगीच होती.

नट बघायला आला. कारकुनाचं कामही सिंहासनावर बसल्यासारखं करायचा, म्हणून मंडळी त्याला राजे म्हणत. दीर चहा करायला म्हणून जो सटकला, तो लवकर फिरकलाच नाही.

भाषण आलं, तसे राजे पुढे सरकून बसले.

"माझं एवढं भाषण, आणि मीच नाही?"

वहिनीने कॅमेऱ्याचा घोटाळा सरळ सांगून टाकला, कानाचं चित्रही दाखवलं. "हवं तर हे लावते. पण मला विचाराल तर मुलीचंच बरोबर आहे."

राजांनी मुलीचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"रोज रडते ही?"

"मला या एकाच प्रयोगाचं माहीत. तुमची पाठ असते ना तिच्याकडे."

दिराने आणून ठेवलेला चहा गार झाला. राजांनी तो तसाच पिऊन टाकला आणि असू दे म्हणाले.

पुढच्या प्रयोगाला वहिनी प्रेक्षकांत होती. भाषणाच्या मध्यावर राजे वळले आणि उरलेलं सगळं मुलीशी बोलले. नटी क्षणभर गांगरली, मग तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अर्ध्या नाट्यगृहाला राजांचा चेहरा दिसला नाही म्हणून दिग्दर्शक नंतर चडफडला. राजांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्यापुढच्या प्रयोगालाही ते वळलेच.