मान न झुकवणारा योगी

हॉलबाहेरची रांग जिन्यापर्यंत आली होती. आत टेबलावर एक कवटी आणि तिच्यामागे शाल पांघरलेले बाबा.

"या योग्यानं जन्मभर कुणापुढे मान झुकवली नाही," बाबा सांगत होते. "म्हणून मानेचा पहिला मणका कवटीशी एकजीव झाला. आणि हे मागचं भोक बघा. प्राण गेला तो इथून. तुमच्या-आमच्या डोक्याला असलं भोक नसतं."

बाकीची भोकं मेणानं बुजवलेली. कवटीत ओतलेलं पाणी त्या एका भोकातून झिरपायचं आणि बाटल्यांत पडायचं. डोक्या-मानेचे सगळे विकार त्यानं जात म्हणे.

रांगेत सर होते. मेडिकल कॉलेजात तीस वर्षं हाडं शिकवून निवृत्त झालेले. मान दुखायची, गोळ्यांनी भागेना. कवटी पाहून मनात पाल चुकचुकली. पण दीड तास रांगेत उभं राहिल्यावर माणसाला शंका परवडत नाही. त्यांनी बाटली पुढे केली.

तीन आठवड्यांनी त्यांची थोरली बहीण स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. रक्तदाब भलताच चढलेला.

"ताई, रक्तदाबाच्या गोळ्या कुणाला विचारून बंद केल्यास?"

"तू गोळ्यांऐवजी बाबांचं पाणी पितोस म्हणून मीही प्यायले. घरात हाडांतला जाणकार तूच ना?"

सरांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

ताईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी बाबांची सगळी हकिगत ऐकून सरांच्या मानेचाही स्कॅन काढायला लावला आणि चित्र बघून हसू दाबलं.

"सर, तुमचा पहिला मणका कवटीला जोडलेला आहे, जन्मापासूनच. मागचं भोकही आहे, फक्त उजवीकडे. त्यातून साधी शीर जाते. कुणाला दोन्हीकडे असतं, कुणाला एकीकडे, कुणाला मुळीच नसतं. तुमच्याच वर्गाच्या पुस्तकात होतं हे."

"मग मी काय शिकवलं होतं?"

"'हा परिच्छेद परीक्षेला येत नाही, सोडून द्या,' असं."

रविवारी सरांनी कॉलेजातून मागून आणलेल्या पाच कवट्या बाबांच्या टेबलावर उलट्या मांडल्या. त्यांतल्या तीन कवट्यांच्या तळाशी तेच भोक. लोक वाकून बघू लागले. मग सरांनी स्कॅन उजेडासमोर धरला. "आणि बाबा, हा कोण?"

कवटीला जोडलेला मणका बाबांनी ओळखला, हात जोडले. "थोर योगी. याचंही पाणी चालेल."

"हा मी."

मागून ताई म्हणाली, "मान झुकवत नाही, हे खरं. योगी म्हणाल तर घरी येऊन बघा."

हॉलभर हशा पिकला. बाबा मेण आवरू लागले. सर मात्र हसले नाहीत.

"हाड वेगळं असलं, तर ते वेगळं हाड असतं, चमत्कार नसतो," ते म्हणाले. "माझ्यासारखा शिकलेला माणूस रांगेत दिसला, तरी त्याच्यामागे उभे राहू नका. त्याला विचारा, तुम्ही तपासून पाहिलंत का? मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. त्यापायी माझी बहीण मरता मरता वाचली."