यादीत नसलेली सोय

"बाई, मशीन स्वतःच नाही म्हणतंय, मी काय करू?" तपासणीचे साहेब म्हणाले.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एकच वाक्य होतं: या प्रोसेसरमध्ये आवश्यक ती सोय नाही. साहेबांनी फॉर्मवर 'निकामी' लिहिलं. अकरापैकी अकरा. दारात भंगारवाला हातगाडी टेकवून उभाच होता.

मदतनीस बाईंची कानशिलं तापली. कामावरून सुटलेल्या बायका रोज चार वाजता या खोलीत टायपिंग शिकायला यायच्या. लॅपटॉप गेले की वर्ग बंद. हे लॅपटॉप नवे होते तेव्हा पहिल्या तुकडीतल्या बायका कळांना बोट लावण्याआधी हात धुऊन येत. पुसायचं विसरल्या की बाईच पदर पुढे करत. आता वरून हुकूम आला होता: ज्यावर लिनक्सची नवी प्रणाली चालेल तेच मशीन ठेवा.

"खोटं बोलतंय ते," बाई म्हणाल्या.

"कोण, मशीन?"

"हो. ती सोय आहे त्याच्यात. बनवणाऱ्यांनी प्रोसेसरच्या यादीत नोंदवलीच नाही. लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, ती यादी वाचतं आणि दारातूनच हाकलतं. सरका बरं."

"अहो, हात लावू नका, माझी नोंद झालीय."

"तुमची नोंद घाला चुलीत!"

बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. मशीन सुरू करणाऱ्या आज्ञेच्या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला: फोर्सपीएई. म्हणजे यादीत नसलं तरी आहे असं धरून चाल. तीन रविवार घालवून शोधलेला शब्द. कर्नेलने एक इशारा दिला, जबाबदारी तुमची म्हणून. मग पडद्यावरून ओळी सरसर धावू लागल्या.

"आयला, उठलं की!" भंगारवाला म्हणाला.

 साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "चाललं, मान्य. पण तसं लिहायचं तर वर्गशिक्षकांची सही लागते. कुठेत ते?"

"बारा वर्षं जागा रिकामी आहे. शिकवते मी."

"कागदावर तुम्ही मदतनीस. तुमची सही कशी चालेल?"

"बारा वर्षं शिकवलेलं चाललं ना? तेव्हा कुणी कागद काढला नाही!" बाईंचा आवाज चढला तशी चारच्या वर्गासाठी बाहेर जमलेल्या बायकांची कुजबुज थांबली. "यंत्राला निदान एक शब्द सांगून पटवता येतं. तुम्हाला काय सांगू, साहेब?"

साहेबांनी 'निकामी' लिहिलेला फॉर्म तसाच फाइलमध्ये सरकवला. भंगारवाल्याला फक्त मान हलवून खूण केली.

दहा लॅपटॉप गाडीवर गेले. अकराव्याला त्याने हात घातला तशी बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. चालू आहे ते."

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, मशीन रीतसर बंद करायला घेतलं. दारातल्या बायका आत आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. पंखा थांबला. छोटा हिरवा दिवा विझला. बाईंनी झाकण मिटलं, आणि लॅपटॉप स्वतः उचलून गाडीपर्यंत नेला.