बूड माझं, वाहवा चाकाची

मित्रांनो, मी कुंभारीणकाकूंची जुनी थापटणी आहे आणि मला चाकाचा भयंकर हेवा वाटतो. आधीच सांगितलेलं बरं.

थापटणी म्हणजे मूठ असलेली, तळहाताएवढी लाकडी फळी. चाक बनवायला सुतार दोन दिवस खपला. मला त्याने दाराच्या उरलेल्या तुकड्यातून काढलं. आमचं बिनसलं ते तेव्हापासून.

गरगर फिरायचं आणि वाहवा मिळवायची, हे चाकाचं काम. ते मातीला गळा देतं, काठ देतं. बूड मात्र देत नाही. दोऱ्याने कापून उतरवलेल्या मडक्याला खाली भलंमोठं भोक असतं. माती जरा सुकली की काकू आतून गोल दगड धरतात, बाहेरून मला मारतात आणि भोक मिटवतात. वर्षानुवर्षं मी हेच केलं. माझं कौतुक कोण करणार?

मग माझ्या मुठीला चीर गेली आणि काकूंच्या सुनेने मला भट्टीच्या जळणात टाकलं. नेमकी त्याच दिवशी शाळेची सहल आली. सगळी मुलं चाकाभोवती! मी ढिगाऱ्यातून बघत जळत होते, आग लागायच्या आधीच.

एका मुलीला सगळे बडबडी म्हणत होते. तिने चाकावर छोटं मडकं केलं. "हे आईला देणार. ती म्हणते, मी एक काम पुरतं करत नाही."

दुपारी तिने उन्हातलं मडकं उचललं, तर हात आरपार गेला.

"आईला बांगडी नेतेस का गं?" मैत्रीण म्हणाली.

बडबडीचे डोळे भरले.

"फुटलं नाही गं," काकू म्हणाल्या. "बूड व्हायचंय अजून. चाक नुसतं वरचं करतं."

हे ऐकून मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

"सूनबाई, माझी थापटणी कुठंय?"

"चिरली होती, आई. जळणात टाकली. नवी आहे ना."

"नवी खरखरीत आहे, माती ओढते. जुनीच हवी."

भट्टी पेटायला तासभर उरला होता. बडबडीने ढिगारा उपसून मला शोधलं, केसांची रिबन सोडली आणि माझी मूठ करकचून बांधली. मग काकूंनी तिच्या हातावर हात धरला. थप, थप, थप. भोक मिटलं.

आठ दिवसांनी ती आईला घेऊन आली. भाजलेल्या मडक्यात पाणी भरलं. आईने ते उचलून खालून हात फिरवला. हात कोरडाच.

"पुरतं केलंस की," आई म्हणाली.

आणि बडबडीने धावत जाऊन फोटो काढला. चाकासोबत!

असो. रिबन माझ्याकडे आहे, चाकाकडे नाही.

मित्रांनो, चिरलेली वस्तू जळणात टाकण्याआधी एकदा बांधून बघा. आणि मडकं हाती घेतलंत तर बुडावरून बोट फिरवा. तिथे बारीक चपटे ठसे लागतील. ते माझे आहेत.