तूप अटकेत, साखर मोकाट

मी एक चिनी मातीची बरणी. आज मला गप्प बसवत नाही, कारण इतके महिने अटकेत काढून मी पुन्हा ओट्यावर आले आहे.

जन्म माझा खुर्ज्याच्या भट्टीतला. हेमलताताईंनी मला दिल्लीत करोल बागेतून आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं आणि घरी कढवलेलं तूप माझ्यात भरलं. त्यांचे यजमान विनायकराव ऑफिसातून आले की आधी माझं झाकण उघडायचे, मग बूट काढायचे. असा माझा थाट होता.

गणपतीनंतर सगळं बिनसलं. विनायकरावांच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांच्या लेकीने, रुचिताने, तो मोबाइलवर उघडून वाचून दाखवला.

"बाबा, ट्रायग्लिसराइड चारशे तीस. दीडशेच्या आत हवं."

"अच्छा. म्हणजे काय असतं ते?"

"रक्तातली चरबी."

चरबी म्हटल्याबरोबर मायलेकींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ना चौकशी, ना साक्षीपुरावा. तूप शेजारी गेलं आणि मी घासूनपुसून सगळ्यात वरच्या फळीवर.

खरी शिक्षा मात्र विनायकरावांना झाली. संक्रांतीला सायकलने पानिपतला जायचं, लढाईच्या स्मारकापुढे उभं राहायचं, असं बापलेकीने वर्षभर ठरवलं होतं. पण विनायकरावांचे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेलेले. ताईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी सायकलीला कुलूप घातलं. "चालायला जा रोज. आकडा दोनशेच्या आत आला की किल्ली मिळेल." ती किल्ली त्यांनी गुपचूप माझ्या रिकाम्या पोटात टाकली.

फळीवरून मला सगळं दिसायचं. सकाळी कोमट पाण्यात मध. मग फॅट-फ्री बिस्किटं. ऑफिसला निघताना मोसंबीच्या ज्यूसचा मोठा ग्लास. संध्याकाळी साखर घातलेल्या चहात बुडवलेले रस्क, म्हणजे आपले टोस्ट. साखरेचा डबा ओट्यावर ऐटीत बसलेला. मी वरून जीव तोडून ओरडत होते, पण बरणीचं ऐकतो कोण?

दिवाळीआधी दुसरा रिपोर्ट आला. चारशे ऐंशी.

"खरं सांगा, ऑफिसात छोले-भटुरे चालू आहेत ना?" ताईंनी विचारलं.

"बिल्कुल नाही. तुझी शपथ गं." विनायकरावांचे डोळे भरून आले. ते खरं बोलत होते, आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच. फार वाईट वाटलं मला.

शेवटी रुचिताने डॉक्टर पद्मजांना फोन लावून स्पीकरवर घेतलं. त्यांनी विचारलं, "दिवसभरात गोड काय काय होतं?" विनायकरावांनी मध, ज्यूस, रस्क सगळं अभिमानाने सांगितलं.

"अहो, गरजेपेक्षा जास्त साखर पोटात गेली की लिव्हर तिचीच ट्रायग्लिसराइड बनवतं. मध आणि ज्यूसही त्यातच आले. हलक्यात घेऊ नका. पाचशेच्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते."

"मग तूप?" ताईंनी हळूच विचारलं.

"तेही बेतानेच. पण एकट्या तुपाला फाशी कशाला?"

मला इतका आनंद झाला की पोटातली किल्ली खुळखुळली असती तर नवल नव्हतं.

साखरेचा डबा कपाटात गेला. ज्यूसऐवजी अख्खी मोसंबी आली. विनायकराव रोज भरभर चालून घाम पुसत यायचे. तिसऱ्या वेळीही ते आधीसारखेच रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता, सकाळचा चहासुद्धा न घेता रक्त द्यायला गेले. काल संध्याकाळी रुचिताने रिपोर्ट उघडला.

"एकशे अडुसष्ट."

"अजून काठावरच आहे," ताई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता उठल्याच. त्यांनी स्टूल ओढलं, मला खाली काढलं आणि विनायकरावांच्या हातावर उपडं केलं.

ते किल्लीकडे बघतच राहिले. "इथे होती? मी या बरणीकडे बघायचंच टाळत होतो यार."

"म्हणूनच इथे ठेवली."

आज संक्रांतीच्या पहाटे बापलेक पानिपतच्या वाटेला लागले. ताईंनी माझ्यात तूप भरलं, अर्धंच, आणि शेजारी चहाचा छोटा चमचा ठेवला. माझी काही तक्रार नाही. तुमच्या घरी असा आकडा आला तर मला जरूर आवरा, पण हातातला ग्लासही एकदा बघा, एवढंच मागणं आहे.

इतक्यात रुचिताचा फोन आला. वाटेतलं सोनिपत मागे पडलं म्हणे. ताईंनी डोळे पुसले आणि पोळीला माझ्यातलं तूप लावलं, त्या छोट्या चमच्यानेच.