पाठीवरचा माणूस

माझा नवरा दुयेत सहा वर्षं लढाईवर होता आणि परतल्यावर दहा वर्षं त्याबद्दल लिहीत होता. त्याचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे, म्हणून सगळी पानं मीच उतरून काढली. पुस्तक आलं आणि नाम दिन्हमधल्या आमच्या गल्लीत लोक त्याला ‘लेखकभाऊ’ म्हणू लागले. सातव्या प्रकरणावर तर बायका डोळे पुसायच्या. त्यात तो लढाईत जखमी झालेल्या मित्राला, बांगला, पाठीवर घेऊन नदीकाठानं चालतो. बांग पाठीवरच जातो आणि दुयेत त्याला बांबूच्या बेटापाशी पुरतो.

एका रविवारी सकाळी बांगची बहीण थोआ आमच्याकडे आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. मी चहा ओतला, पण तिनं पेल्याला हात लावला नाही.

“भाऊ, रागावू नका,” ती म्हणाली. “सरकारी कागदावर दादा गेला एवढंच होतं, कुठे ते नव्हतं. तुमचं पुस्तक वाचून आम्ही दक्षिणेत गेलो. बेट सापडलं. चार दिवस खणलं, काही मिळालं नाही. मूठभर माती आणली, ती आईनं देव्हाऱ्यात ठेवलीय. आणि आता तुमच्या तुकडीतल्या लुकभाऊंचं पत्र आलंय. ते म्हणतात, दादा तापानं गेला, छावणीच्या दवाखान्यात. त्या नदीच्या लढाईनंतर दोन महिन्यांनी.”

दुयेत हसला. “लुकचं डोकं आधीपासूनच सैल. अगं, माझ्या मानेवर बांगचा श्वास लागत होता.” मग तो थांबला. “पण लुक खोटं कशाला बोलेल?”

“तेच विचारायला आले. मग तुमच्या पाठीवर कोण होतं?”

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू त्या नदीवर मीही होते. मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती बोलावी की नाही, हे कळत नव्हतं. शेवटी उठले आणि पेटीतून त्याच्या हातचं पहिलं हस्तलिखित काढलं. त्यात बांगचं नाव नव्हतं. ‘एक जण’ एवढंच होतं.

“संपादक म्हणाले होते, वाचकाला नाव लागतं,” मी म्हणाले. “तू थोडा वेळ विचार केलास आणि म्हणालास, बांग घाल.”

“मी म्हणालो?”

“इथेच बसून.”

त्यानं ते पान दोनतीनदा वाचलं. स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. “त्यानंतर मी हे इतक्यांदा लिहिलं,” तो म्हणाला, “की आता डोळे मिटले की बांगच दिसतो. आधी कोण दिसायचं, ते आठवत नाही.”

थोआनं पेला बाजूला सरकवला. “आईला काय सांगू? ती रोज त्या मातीशी बोलते. म्हणते, एकटा नाही गेलास, कुणाच्या तरी पाठीवर होतास.”

“मी येतो,” दुयेत म्हणाला. “माझी चूक मीच सांगतो.”

पुढच्या रविवारी आम्ही तान देच्या फेरीबोटीनं नदी ओलांडून थाय बिन्हला बांगच्या आईकडे गेलो. वाटेत तो पुटपुटत होता, “आई, पुस्तकातलं ते चुकलंय.” चारपाच वेळा म्हणून बघितलं.

म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं त्याचं मनगट धरलं, मग चाचपत हात त्याच्या खांद्यावर नेला आणि तिथेच ठेवला.

“जड होता का रे?” तिनं विचारलं.

दुयेतनं थोआकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी खाली बघत राहिलो.

“नाही, आई. हलका होता. शेवटी शेवटी तर फारच.”

“उपाशी असणार.”

“सगळेच उपाशी होतो.”

तिनं थोआला भात वाढायला सांगितलं. दुयेत दोन वाट्या जेवला. पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं.

निघताना थोआ दारापर्यंत आली. ती रागावली होती की तिला बरं वाटलं होतं, मला कळलं नाही. “निदान तो दवाखाना कुठे होता, ते लुकभाऊंना विचारा,” एवढंच ती म्हणाली.

परतताना बोटीच्या कठड्याला टेकून दुयेत म्हणाला, “तो हलका होता, हे खरं आहे. त्यात मी खोटं बोललो नाही. पण हे मी कुणाबद्दल बोललो?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

त्यानं लुकला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: त्या वर्षी दवाखाना चार ठिकाणी हलवला होता, बांग कुठल्या ठिकाणी गेला ते नक्की सांगता येत नाही. खाली लुकनं आणखी एक ओळ लिहिली होती. नदीकाठानं त्या दिवशी दुयेतनं कुणाला तरी वाहून नेलं होतं, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. पण तो माणूस आपल्या तुकडीतला नव्हता आणि त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं.