घरचा पत्ता

लोक आमच्या साइटवर व्हिडिओ टाकतात, आणि दुसरे लोक "हा माझा आहे, यानं चोरला" म्हणून तक्रार करतात. त्या तक्रारी मी बघते. बघते म्हणजे काय, इकडचं तिकडे करते. तक्रार आली की व्हिडिओ उतरवायचा आणि टाकणाऱ्याला कळवायचं. व्हिडिओ त्याचाच असेल तर त्याने जबाब पाठवायचा. त्यात नाव, सही आणि घरचा पूर्ण पत्ता. तो जबाब जसाच्या तसा तक्रारदाराला जातो, म्हणजे त्याला कोर्टात जायचं तर जाता यावं. तीन तक्रारींना जबाब आला नाही की खातंच पुसलं जातं. खरं कोण, खोटं कोण, आम्ही बघत नाही. "आपण न्यायाधीश नाही, पोस्टमन आहोत," हे आमच्या साहेबांचं लाडकं वाक्य.

साहेब तसे वाईट नाहीत. त्यांची लेक नोकरीसाठी परगावी एकटी राहायला गेली, तेव्हा त्यांना कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. टेबलावर तिचा फोटो आहे. तिला एक पुस्तक पाठवावं म्हणून मी पत्ता मागितला, तर म्हणाले, "इकडे द्या, मीच पाठवतो. मुलीचा पत्ता मी कुणालाही देत नाही." मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

तर ही तक्रार शिवण शिकवणाऱ्या एका बाईविरुद्ध होती. तिच्या व्हिडिओत चेहरा नाही, नाव नाही. दोन हात, मशीन आणि आवाज. बाही कशी जोडायची, उरलेल्या कापडाची पिशवी कशी करायची, असं सगळं. तक्रार तिसरी, आणि तिन्ही एकाच माणसाच्या: हे व्हिडिओ मी काढलेत. खातं पुसण्याआधी एक फोन करायचा असतो, तो मी केला.

"व्हिडिओ तुमचेच आहेत ना?"

"माझेच."

"मग जबाब का देत नाही? एवढी मेहनत पाण्यात जाईल."

"जबाबातला पत्ता त्याला जाईल ना, ताई?"

"जातोच. नियम आहे तसा."

"मग पुसून टाका."

मला आधी तिचाच राग आला. एवढं खपून उभं केलेलं काम, आणि ही बाई हात झटकून मोकळी! "अहो, पुसून टाका काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो माझा नवरा होता. मी कुठे राहते ते त्याला माहीत नाही. अंगठ्यावरच्या डागावरून ओळखलं असणार. इस्त्रीचा आहे. त्यानेच दिलेला."

मी व्हिडिओ उघडून पाहिला. डाव्या अंगठ्यावर चांगला मोठा डाग होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, याला व्हिडिओ नकोच आहेत. पत्ता हवाय. आणि तो आपण काढून देणार, फुकट!"

"सिद्ध करता येईल?"

"तिने सांगितलंय."

"तोही काहीतरी सांगतोच आहे. आपण पोस्टमन."

चोराच्या उलट्या बोंबा, आणि आम्ही त्याच्या हातात भोंगा देणार! मी जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. दादा माझा भाऊ, वकील आहे.

"कायद्याला कागद पोचेल असा पत्ता पुरतो," दादा म्हणाला. "मी तिचा वकील म्हणून माझ्या ऑफिसचा देतो."

"आमच्या फॉर्मवर घरचा म्हटलंय."

"मग तुमचा फॉर्म गाढव आहे."

बाईला विचारून दादाने जबाब पाठवला, आणि मी तो पुढे धाडला. मग एका दुपारी वहिनीचा फोन. दादाचं ऑफिस तीच सांभाळते.

"तुमचा तक्रारवाला येऊन गेला हो. व्हिडिओबद्दल अवाक्षर नाही. 'कुठे लपवलीय तिला?' म्हणत आतल्या खोलीत घुसला, बाथरूमचं दार उघडून बघितलं. मी म्हटलं, कपाट राहिलं, तेही बघा, फाइली आहेत!" वहिनी हसली. "आता आतून कडी लावून बसलेय."

संध्याकाळी त्याचं पत्र आलं. 'दिलेला पत्ता खोटा आहे. मी स्वतः जाऊन आलो, ती तिथे राहत नाही. खरा पत्ता द्या, लगेच तक्रार मागे घेतो.'

बरं झालं, पितळ उघडं पडलं, म्हणत मी ते साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, तडजोडीला तयार आहे की! विचारा तिला."

एवढा शिकलेला माणूस, लेकीचा बाप!

"साहेब, तुमच्या लेकीचा पत्ता द्या."

"काय?"

"घरचा. पूर्ण. एक माणूस मागतोय. कोण आहे, कशाला हवाय, मी काही विचारलं नाही. मी आपली पोस्टमन."

"तोंड सांभाळून बोला!"

"मी तोंड सांभाळते, तुम्ही पत्ते सांभाळा."

त्यांचा हात फोटोकडे गेला. त्यांनी तो उचलून माझ्यापासून लांब, स्वतःकडे ओढून ठेवला. मग पत्र पुन्हा हातात घेतलं. 'जाऊन आलो' हे शब्द त्यांनी हलक्या आवाजात वाचले. त्यानंतर तिन्ही तक्रारी खोट्या म्हणून फेटाळल्या, तिचे व्हिडिओ परत चढवले आणि त्या माणसाचं खातं बंद केलं.

"झालं ना? जा आता."

"आणि फॉर्म?"

"सोमवारी बघू."

बाहेर माझ्या टेबलावर नवे जबाब येऊन पडत होते, आणि प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं घर होतं. मी साहेबांसमोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"आत्ता बघू," मी म्हटलं.